खिंडीवरचा 'लक्षणीय' धोका

तीर्थस्वरूप मेंगियामावशीस,

दुरीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? (मागे विचारलं तेव्हा "तुझ्या डोक्यापेक्षा बरा" म्हणाली होतीस, म्हणून यंदा फक्त बरा की वाईट एवढंच कळव.) बकऱ्या आणि शेजारीण यांच्याशी तुझं बरं चाललं असेल अशी आशा आहे.

रविवारी आमच्या धाकटीचा बाप्तिस्मा. धर्ममाता तू, त्यामुळे पाठीवर अक्रोडाचा केक बांधून, पायांत स्की चढवून, तू खिंड ओलांडूनच येणार हे आम्ही धरून चाललो होतो. बोगद्यातली आगगाडी पार्सलांसाठी असते, हे तुझं मत आमच्या खोऱ्यात पोराटोरांनाही पाठ आहे. म्हटलं, निदान तुझी खिंडीतली वाट कशी आहे ते तरी बघून येऊ. सोबत बायकोचा भाऊ क्लाउ. (तोच, ज्याला तू बार्लीचं पोतं म्हणतेस. त्यालाही ते ठाऊक आहे.)

त्या सकाळच्या पत्रकात हिमस्खलनाचा धोका पाचांपैकी तीन होता. क्लाउ म्हणाला, "मधलाच की रे! शाळेत कधी मधला आकडा मिळाला असता तर घरी पेढे वाटले असते." मी म्हटलं, अरे, तीनला 'लक्षणीय' असं म्हटलंय. तर म्हणतो, "लक्षणीय म्हणजे बघण्यासारखा. चल, बघू." आणि मी, दोन पोरांचा बाप, त्याच्या मागे निघालो!

खिंडीवरच्या सपाटीला पोचून आम्ही बर्फात खड्डा खणला. वरचा थर वाऱ्याने दाबलेला, पाटासारखा घट्ट. त्याच्याखाली मात्र हिवाळ्याच्या सुरुवातीचा बर्फ, पार साखर झालेला, मुठीत धरला तर गळून जाणारा. आता रीत अशी की बर्फाचा एक चौकोनी ठोकळा मोकळा करायचा, त्यावर हाताने थोपटायचं, आधी हळू मग जोरात, आणि वरचा थर कधी घसरतो ते बघायचं. मी हातमोजा नीट करून हात उचलला, तेवढ्यात क्लाउ शिंकला. ठोकळा घसरून माझ्या मांडीवर. थोपटायचं राहूनच गेलं.

आम्ही सामान आवरलं. दोन पावलं टाकली नाहीत तोच पायाखाली 'धुम्म' असा आवाज झाला, माडीवर कोणी कपाट आपटावं तसा. मी रागाने क्लाउकडे पाहिलं. (सकाळी त्याने बार्लीचं सूप तीन वाट्या ओढलं होतं.) तो पांढराफटक पडून म्हणाला, "आईशप्पथ, मी नाही!" तो नव्हताच. खालचा साखरेचा थर बसला होता. त्याच्या स्कीच्या टोकापासून एक भेग सळसळत गेली आणि तुझ्या बाजूचा सगळा उतार, तू दर वर्षी चढून येतेस तो, आमच्या डोळ्यांदेखत खाली गेला. तू जिथे बसून सुकं मांस खातेस तो खडकही दिसेना. मावशी, मी खूप घाबरलो. क्लाउ तर रडला. (हे त्याला सांगू नकोस.) आणि बाकीचे उतार अजून तसेच टांगलेले आहेत.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, बकऱ्यांना आशीर्वाद.

तुझा,
दुरी

ता. क. रविवारी कृपा करून गाडीने ये. केकला पार्सल समज आणि स्वतःला त्याची राखणदार.

ता. क. २. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक असल्यामुळेच हे पत्र टपालाने न धाडता, क्लाउला गाडीत बसवून त्याच्या हाती धाडलं, आणि मुद्दाम लांबवलं. तू चष्मा लावून, एकेक ओळ दोनदा वाचत होतीस, तोवर तो परसात जातो म्हणून उठला असेल. चढताना स्कीखाली चिकटवायचे तुझे पट्टे एव्हाना त्याच्या पिशवीत आहेत. त्याला मारू नकोस, तो पळताना धापा टाकतो.

ता. क. ३. पोरीचं नाव मेंगिया ठेवतोय. तुझ्या स्मरणार्थ ठेवायची आमची मुळीच इच्छा नाही. नाव आम्ही ठेवू, पण मग वर्षभर आम्हाला नावं ठेवायला तू हवीस.