मधल्या भिंतीविषयी

प्रिय मास्तर,

तुझ्या बहिणीचं ऑपरेशन नीट पार पडलं, तू तिच्या स्वयंपाकघरात रोज दूध उतू घालवतोस आणि भाच्यांना जेवणाच्या टेबलावरच दात घासायला शिकवतोस, एवढं फोनवर कळलं. इकडचं मात्र मला फोनवर सांगता येईना. बोलताना एक बोलते आणि फोन ठेवल्यावर वाटतं, हे नव्हतंच म्हणायचं. म्हणून लिहायला बसलेय.

गवंडी येऊन गेला. दवाखान्याच्या मधोमध, तुझ्या आणि माझ्या खुर्चीच्या बरोबर मध्ये, खडूची सरळ रेघ मारून गेलाय. सोमवारी विटा येतील. नव्या सरकारच्या नव्या कराबद्दल आपलं बोलणं झालंच होतं. पण सीए साहेबांनी परवा सगळं पुन्हा समजावलं, तेही माझ्या खुर्चीत आडवं पडून, दाढ भरून घ्यायच्या आधी. एका दवाखान्याची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की वाढीव कर. आपण एकत्र असलो तर वर, वेगळे झालो तर दोघंही खाली. मात्र वेगळे म्हणजे खरंच वेगळे हवेत. दोन दारं, दोन पाट्या आणि मध्ये छतापर्यंत भिंत. नियम मी स्वतः वाचला. यात लबाडी कुठेच नाही. आणि एकत्र राहिलो तर नवं एक्स-रे मशीन लांबणीवर पडेल. फी वाढवायची नाही हे आपलं ठरलेलंच आहे, म्हणजे सगळा भुर्दंड आपल्याच खिशाला. तू जाताना म्हणालास, तू ठरव, मी येऊन सही करतो. तुला वाटलं असेल, ठरवायला त्यात आहेच काय.

मलाही तसंच वाटलं होतं. पण ती रेघ पडल्यापासून दवाखाना मला ओळखीचा वाटत नाहीये. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की मी दिवे न लावता बसते. खिडकीतून उतरलेला उजेड आधी तुझ्या ट्रेवर येतो, मग जमिनीवरून सरकत माझ्या खुर्चीच्या पायापाशी पोचतो आणि तिथे जरा रेंगाळतो. इतक्या वर्षांत हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या वेळी आपण दोघं एकमेकांकडे पाठ करून कुणाच्या तरी तोंडात डोकावत असायचो. काल तुझ्या खुर्चीत आडवी पडले. तू पेशंटना छताकडे बघा म्हणतोस ना, तिथे खरंच ओलीचा एक डाग आहे, शिडाच्या होडीसारखा. डोळे मिटले तर होडी हलल्यासारखी वाटली. मला तिथेच डुलकी लागली. स्वप्नात भिंत झाली होती. विटांऐवजी आपल्या कपाटातले प्लास्टरचे जबडे एकावर एक रचले होते, सगळ्यांचे दात गच्च मिटलेले. पलीकडून तुझ्या ड्रिलचा आवाज येत होता. मी ऐकत उभी होते, आणि आवाजावरून मला कळत होतं की तू आज दमलायस.

ते जागेपणीही कळतं मला. तुझं ड्रिल थांबलं की माझा हात आपोआप हलका होतो. मला शंका आली की मी मागे न बघता विचारते, बघतोस का जरा, आणि तू स्टूल ढकलत येतोस. तुझ्या स्टुलाच्या चाकांनी फरशीवर वाट पाडलीये. गवंड्याची रेघ तिच्यावरूनच आडवी गेलीय. काल एक पेन्शनर काका आले होते. त्यांचा एक्स-रे बघताना मी सवयीने म्हणाले, बघतोस का जरा? काकांनी तोंडातला कापूस काढला आणि म्हणाले, "मी कसा बघू बाई? माझ्याच तोंडात आहे ते!" आणि वर विचारलं, "डॉक्टरसाहेब कधी येणार? तुमचं लक्ष नाही आज."

आता सीए साहेब काय म्हणाले ते. दाढ भरून झाली, अर्धं तोंड बधिर, तरी बोलणं थांबेना. म्हणाले, "नशीब काढलंत डॉक्टर, तुम्ही दोघांनी लग्न केलं नाहीत! नवराबायकोचा दवाखाना कायद्याने एकच धरतात. मग भिंत घाला नाहीतर तट बांधा, वाढीव कर चुकत नाही." काउंटरवरच्या ताईंना चहाचा ठसका लागला. ते गेल्यावर म्हणाल्या, "अगंबाई, मग मी इतकी वर्षं पेशंटना काय सांगत होते?" विचारलं तर कळलं, कुणी तुला माझे मिस्टर म्हटलं तर त्या हसून हो म्हणतात आणि पावती फाडतात. मी हसले. हात धुवायला गेले आणि नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले.

तेव्हापासून स्वतःला विचारतेय, मला ही भिंत नेमकी कशासाठी नको आहे? उजेडासाठी? तुझ्या सल्ल्यासाठी? मधल्या दाराला परवानगी मिळाली असती तर चाललं असतं का? नसतं चाललं. आधी वाटलं, आईच्या आजारपणात माझी वर्षं गेली, तुझी तुझ्या मोडलेल्या संसारातून सावरण्यात; आता या वयात असलं काही मनात आणणं म्हणजे हसं करून घेणं. ते डायरीत लिहिलं आणि वाचून बघितलं. पटलं नाही.

म्हणून हे पत्र. मला वाढीव कर भरायचाय, मास्तर. त्या नवराबायकोच्या कलमात बसून भरायचाय. सीए साहेबांच्या हिशेबाने हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो मला तुझ्याबरोबर करायचाय. सोमवारच्या आत फोन कर. नाही म्हणालास तर विटा येऊ देत. मी रुसणार नाही, फक्त थोडे दिवस कमी बोलेन. हो म्हणालास तर सीए साहेबांना तू सांग. माझी हिंमत इथवरच होती.

तुझीच, आणि तूच नाव ठेवलेली,
शंकेखोर