सान हुआनचा फटाका

४ मार्च
आज पुन्हा! हातात मण्यांची सुई होती. डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडली, घामानं अंग निथळलं. थोड्या वेळानं सगळं शांत. मणी जडवायला घेतलेलं नाचाचं जाकीट अर्धंच राहिलंय. आत्या म्हणते, "भीतीनं जीव निसटलाय तुझा." अंगणात माझी शाल फिरवत तिनं हाका मारल्या — "ये गं बेनिता, ये घरी." मी दारातच उभी.

९ मार्च
दवाखान्यातच झटका आला, बरं झालं. डॉक्टर वेलार्दे बाईंना आकडा पटेना. यंत्र बदलून पुन्हा रक्तदाब मोजला. मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते म्हणे, तिच्यात गाठ असावी, तिच्यामुळेच दाब असा उसळतो. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवायची. "कॉफी, चहा, कुठलं औषध?" — काही नाही.

२२ मार्च
लघवीच्या तपासणीतला आकडा खूप वाढलेला. बाईंनी विचारलं, "डोकं दुखलं की काय घेता?" कोकाची पानं उकळून, आत्या देते. "मग चहा नाही कसं म्हणालात?" आता कोकाला चहा कोण म्हणतं? "मीच नीट विचारायला हवं होतं," म्हणत बाईंनी आपला कप बाजूला सारला. त्यातही कोकाचीच पानं तरंगत होती. कोकानंही आकडा वाढू शकतो म्हणे, आता तो बंद ठेवून तपासणी पुन्हा करायची.

२९ मार्च
आत्या रुसलीय. "माझ्या पानांवर आळ?"

१६ एप्रिल
पानांवरचा आळ गेला. आकडा तसाच. स्कॅनमध्ये उजवीकडे लिंबाएवढी गाठ. म्हटलं, उद्याच काढून टाका. "तशीच काढायला गेलो तर टेबलावरच जाल. आधी गोळ्यांनी दाब ताब्यात आणू."

मग विचारलं, घरात कुणाला असं काही? आई गेली, म्हटलं. भीतीनं. सान हुआनच्या सणाच्या रात्री, शेकोटीपाशी फर्मिननं, माझ्या धाकट्या भावानं, तिच्या पाठीमागे फटाका लावला. डोकं धरून खाली बसली ती उठलीच नाही. "त्याआधीही घाम यायचा का?" यायचा की. आत्या तिलाही अशाच हाका मारायची.

"त्यांनाही अशीच गाठ असावी कदाचित," बाई म्हणाल्या. "आता सिद्ध करता येणार नाही. पण तुमची गाठ निघाली की जनुकं तपासू."

फर्मिन तेव्हा शाळकरी पोर होता. आत्या त्याला तोंडावर म्हणायची, "आईला खाल्लंस." मिसरूड फुटायच्या आत दूर, डोंगराखालच्या सांताक्रूझ शहरात निघून गेला. परत या घरात पाऊल ठेवलं नाही.

३ मे
गोळ्यांनी नाक चोंदतं, उभी राहिले की चक्कर येते. चक्कर येऊ नये म्हणून मीठ वाढवायला सांगितलंय, खारट सूप पितेय. मला भीती वाटते. खरीखुरी, माझी स्वतःची.

१९ मे
गाठ निघाली. मी आहे!

१४ जून
जनुकांचा निकाल आला. रोग वारशाचा आहे. भावंडांनीही तपासून घ्यायला हवं. आत्याला वाचून दाखवलं. "म्हणजे आपल्या पोरानं नाही मारलं तिला?" नसणारच गं आत्या. ती चुलीकडे तोंड करून बसली. जेवली नाही.

२३ जून
आज सान हुआन. बाहेर फटाके वाजतायत. इतके दिवस धीर होत नव्हता, आज फर्मिनला फोन लावला. सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "ताई, मलाही येतो तसा घाम. मला वाटायचं, आई अजून रागावलीय. म्हणून कुणाला दाखवलं नाही."