चौथ्या स्टेशनावरचं हॉटेल

१४ जुलै, सोमवार

खोटं बोलले. मुलाला, यीचेनला सांगितलं, गावी चांगदेला मामेबहिणीकडे जाते, दहा-बारा दिवस. तिकीट काढून देतो म्हणाला. म्हटलं, काढलंय. बॅग घेऊन मेट्रोत बसले आणि चौथ्या स्टेशनावर उतरले.

नातीला, सुइसुइला चित्रकलेच्या क्लासला घेऊन जाताना हे हॉटेल रोज दिसतं. फार भारी नाही, फार साधंही नाही. कामासाठी फिरणारी माणसं उतरतात तसलं. आत काय असेल, असं नेहमी वाटायचं.

काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र घेतलं, कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "मावशी, चष्मा काढा." काढला. "किती जण?" एकटी. तिने पुन्हा विचारलं, "एकट्याच?" बत्तीस वर्षं चांगदेच्या बसमध्ये कंडक्टर होते मी. म्हटलं, "एक सीट. शेवटच्या स्टॉपपर्यंत." तिला हसू आलं. खोली ७१२.

आल्या आल्या झोपले. दुपारी! चप्पल तशीच पायात.

१५ जुलै, मंगळवार

खोलीबद्दल खरं खरं लिहिते. कुणी वाचणार नाही.

गालिच्याला जुन्या सिगारेटचा वास येतो. दारावर मात्र 'धूम्रपान करू नये'. खिडकी उघडली की समोर हात लांब केला तर लागेल अशी भिंत, आणि दुसऱ्या बिल्डिंगचे एसी. न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच — कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? पडदा आहे, तो बटणाने खाली येतो, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकतो. मला काय, एकटीच आहे. पलंग फळीसारखा कडक. मला तसाच लागतो. चादर पांढरीशुभ्र, इतकी ताणून खोचलेली की पाय घालायला जोर लावावा लागतो. दिव्याचं बटण शोधायला दहा मिनिटं गेली, तेव्हा कळलं की आधी दाराशी कार्ड खोचायचं असतं.

टेबलावर एक बोलका डबा आहे. त्याला सांगितलं की दिवे, पडदे सगळं होतं म्हणे. मी म्हटलं, पडदा लाव. त्याने आजचं हवामान सांगितलं. पुन्हा म्हटलं, पडदा. तर लहान मुलांचं गाणं लावलं. आमची चांगदेची बोली त्याच्या डोक्यावरून जाते. बसमध्ये हाच आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

सकाळचं खाणं पोटभर. पेज, उकडलेली अंडी, मका, रताळी, सारण भरून वाफवलेले बाओझी, सोयाबीनचं दूध. नूडल्स मात्र पाणचट, त्याला नूडल्स म्हणायची चांगदेच्या माणसाला लाज वाटेल. मी दोन ताटल्या घेतल्या. खाऊन झाल्यावर हाताने सवयीने टेबल पुसायला लागले. बाजूच्या टेबलावरचा माणूस बघायला लागला, तेव्हा थांबले.

कुणी उठवलं नाही. कुणाचा डबा भरला नाही. कुणाची वेणी घातली नाही. दहा वाजता परत येऊन पुन्हा आडवी झाले. छान वाटलं. मग छान वाटल्याचं जरा वाईट वाटलं. मग तेही गेलं.

१६ जुलै, बुधवार

सकाळी सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या सफाईवालीशी ओळख झाली. वेइ छिउलान, गुआंगशीच्या डोंगरातली, पंचावन्नची असेल. टॉवेल पोचवणारा यंत्रमानव तिच्या गाडीला धडकून "कृपया वाट द्या, कृपया वाट द्या" करत उभा होता. तिने त्याला पायाने बाजूला सारलं. "चल रे बाबा, तू पगार घेतोस का? मग मिजास कसली." मला हसू आवरेना. मला ती ताई म्हणते. म्हणाली, "ताई, तुमची खोली साफ करायला काही उरतच नाही. पलंगसुद्धा तुम्हीच आवरता. माझ्या पोटावर पाय आणू नका." उद्यापासून पलंग तसाच सोडायचं कबूल केलं.

आणि दुपारी —

एक वाजता खाली आले होते, दारातून शुयाओ आत आली. माझी सून. ऑफिसच्या कपड्यात, कामाच्या दिवशी, भर दुपारी. मी खांबामागे झाले. ती थेट काउंटरवर गेली, दोन शब्द बोलली, कार्ड घेतलं, लिफ्टने वर. काउंटरवरच्या मुलीने तिला काही विचारलंही नाही. म्हणजे नेहमीची.

लॉबीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. चार वाजता ती खाली आली. केस विंचरलेले. एकटीच. तिच्या आधी आणि नंतर कोण कोण उतरलं ते सगळे बघितले — चार पुरुष. एकही शोभणारा नव्हता.

१७ जुलै, गुरुवार

दिवस वाया. अंडंसुद्धा गेलं नाही घशाखाली.

यीचेनला काय सांगू? सांगू का? तिकडे सुइसुइचं काय होईल? आणि महिन्यापूर्वीची ती गोष्ट, जिच्यासाठी मी इथे आले आणि जी या चोपडीत अजून लिहिलीच नाही. जेवताना यीचेन म्हणाला होता, "आई, दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय. तू आहेसच." शुयाओने वाटीतून मान वर केली नाही. मी म्हटलं, बघू. सहा वर्षं झाली शेनझेनला येऊन. सुइसुइ तीन महिन्यांची होती. तिच्या खोलीत, तिच्या दुमजली पलंगाच्या खालच्या फळीवर झोपते. पुन्हा तीन महिन्यांचं बाळ, पुन्हा सहा वर्षं. तेव्हा मी सत्तरीची असेन. हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही. म्हणून आले इथे, विचार करायला.

आणि हे बघायला मिळालं.

१८ जुलै, शुक्रवार

वेइला विचारलंच. म्हटलं, परवा बुधवारी दुपारी एक मुलगी आली होती, निळा सदरा, आखूड केस. दुपारी चार तासांसाठी खोली देतात ना तुमच्याकडे —

वेइने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमची कोण?"

"सून."

गाडीवरच्या चादरी नीट करत राहिली. मग म्हणाली, "ताई, लोकांच्या खोल्यांचं आम्ही बोलत नसतो. पण तुमचा चेहरा दोन दिवस उतरलाय, म्हणून एकदाच सांगते. ती दर बुधवारी एकटी येते. एकटी जाते. पांघरूणसुद्धा उलगडत नाही, वरच झोपते. एक उशी चुरगळलेली असते, दुसरी जशीच्या तशी. कधी कधी कचऱ्याच्या टोपलीत कागदी रुमाल असतात, पुष्कळ. बस. वीस वर्षं खोल्या आवरतेय, खोली खोटं बोलत नाही."

मी तिथेच कॉरिडॉरमध्ये तिचा हात धरला. कशी आहे मी! वर्तमानपत्रामागून चार परके पुरुष मोजत बसले होते.

मग भूक लागली. बाहेर जाऊन भाजलेल्या बदकाचा भात खाल्ला.

१९ जुलै, शनिवार

यीचेनचा व्हिडिओ कॉल. पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसले. "मावशीने घर रंगवलं का?" म्हटलं, हो, बाई नको म्हटलं तरी ऐकत नाही. तेवढ्यात डबा मध्येच बोलला, "पडदा उघडत आहे." पाच दिवसांत पहिल्यांदा! "कोण बोललं?" — "टीव्ही." मामेबहिणीला फोन करून सगळं सांगून ठेवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने घरामागच्या कमळांच्या तळ्याचा फोटो पाठवलाय, यीचेनला पुढे पाठवायला.

२० जुलै, रविवार

आठव्या मजल्यावर कपडे धुवायची मशीन आहेत. तिथे एक सेल्समन भेटला, पंख्यांची पाती विकतो, वर्षातले आठ महिने हॉटेलांत. म्हणाला, "मावशी, मला आता घरी झोप येत नाही." मी म्हटलं, मलाही. दोघंही मशीनच्या गोल काचेकडे बघत बसलो. त्याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, लावून दिलं. सवय. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपणहून केलं. फरक आहे.

२१ जुलै, सोमवार

नूडल्सवाल्याला सांगितलं, बाबा, आधी वाटी गरम करून घे. केली. सुधारणा आहे.

२३ जुलै, बुधवार

शुयाओ आली. एक वाजून पाच मिनिटांनी.

वेइ म्हणाली, "खोलीचा नंबर मी सांगणार नाही, नोकरी जाईल." मग थोड्या वेळाने गाडी ढकलत, कुणाशीच न बोलल्यासारखी: "६०५ सोडून बाकी सगळ्या आवरते आता. ६०५ ला नंतर."

अडीच वाजेपर्यंत झोपू दिलं तिला. मग दार वाजवलं.

आतून: "टॉवेल नकोत."

"टॉवेल नाहीत. मी आहे."

मग दार उघडलं. गालावर उशीची घडी उमटलेली, डोळे लाल.

"आई? तुम्ही तर चांगदेला —"

"आणि तू ऑफिसात."

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना. मला वाटलं, आता ती रडेल. तिने माझ्या पायांकडे बघितलं. पायात ह्याच हॉटेलच्या कागदी चपला. तशी ती जी हसायला लागली! भिंतीला टेकून, पोट धरून. मग मीही.

पलंगावर बसलो. तिने किटलीत पाणी उकळलं. दीड वर्षं येतेय म्हणाली. दर बुधवारी. ऑफिसात सांगते, ग्राहकाकडे जाते. "झोपतेच असं नाही. नुसती छताकडे बघते. कुणी हाक मारत नाही. घरी कुठे बसू, आई? न्हाणीघरात पाच मिनिटं बसले तरी कुणीतरी दार वाजवतं."

"ते मीच वाजवते."

"हो." आणि लगेच, "तुमच्यामुळे नाही हो."

"माझ्यामुळेही. घर एवढंसं आहे, माणसं चार."

मग मीच तोंड उघडलं. इतके दिवस जे बोलायला जमलं नव्हतं ते त्या सहाव्या मजल्यावर इतकं सोपं झालं! "शुयाओ, तुझ्या दुसऱ्या बाळाला मी सांभाळू शकणार नाही. कंबर ऐकत नाही. तुला राग येईल, पण —"

"कुणाच्या बाळाला?"

"तुम्हाला हवंय ना?"

"मला?" तिने कप खाली ठेवला. "मला वाटलं, तुम्हाला हवाय नातू. यीचेन म्हणतो, आईचं मन रमेल. मी नाही कशी म्हणू? तुम्ही सहा वर्षं स्वतःचं घर सोडून माझी मुलगी वाढवलीत."

म्हटलं, "तू मला विचारायचंस."

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

खरं आहे. सहा वर्षं एका स्वयंपाकघरात. मीठ किती घालू, हे विचारलं. बाकी काही नाही.

नंतर ती माझ्या ७१२ मध्ये आली. काचेचं न्हाणीघर बघून म्हणाली, "आमच्या मजल्यावरच्या पडद्याचंही असंच आहे." डब्याशी मी बोलून दाखवलं. त्याने पुन्हा हवामान सांगितलं. शुयाओने माझ्याच बोलीची नक्कल करून सांगून बघितलं, आणि दिवे लागले! माझी सून चांगदेची बोली बोलते, हे मला आज कळलं. "रोज ऐकते ना," म्हणाली.

ऑफिसात फोन करून तिने उरलेला दिवस सुट्टी घेतली. दोघी पलंगावर आडव्या पडलो, डोक्याला डोकं लावून. तिने तिच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. मी बसमधल्या. एकदा एक माणूस डुक्कर घेऊन चढला होता, त्याची.

२४ जुलै, गुरुवार

शुयाओ म्हणते, शनिवारी दोघी मिळून यीचेनला सांगू. मी म्हटलं, तो चिडेल. ती म्हणाली, चिडू दे. आपण दोघी आहोत.

२५ जुलै, शुक्रवार

खोली सोडली. वेइला तिच्या गावाकडे पिकतो तसला मोठा आंबा दिला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मावशी, कसं वाटलं?" म्हटलं, गालिचा बदला, पडदा दुरुस्त करा, बाकी उत्तम. तिने लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

२६ जुलै, शनिवार

जेवताना सांगितलं. शुयाओ आधी, मग मी. चिडला नाही. जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

म्हणाला, "मलाही नकोय मूल. सुइसुइ सप्टेंबरमध्ये मोठ्या शाळेत जाणार. मग तू म्हणशील, माझं काम झालं, आणि चांगदेच्या त्या घरी जाऊन एकटी राहशील. बाबा तिथे एकटे असतानाच गेले, आई. तेव्हा तू इथे माझ्या मुलीला भरवत होतीस. घरात बाळ असलं तर तू जाणार नाहीस, एवढंच मला सुचलं."

चौतीस वर्षांचा आहे. लहानपणी रडायचा तसाच रडला — आधी नाक, मग डोळे.

म्हटलं, वेड्या, नुसतं 'राहा' म्हणायचं होतंस.