नापास अंडी

२ फेब्रुवारी
काल दुपारी बोक्यानं बाईसाहेबांना नेलं. बाईसाहेब म्हणजे लेकीची कोंबडी. मागे राहिली ती गच्चीवरच्या फुटक्या टबातली सात अंडी. लेक तिसरीत आहे. कालपासून जेवली नाही, बोलत नाही, नुसती टबाशेजारी बसून आहे. माझ्याच्यानं बघवेना. सांगून टाकलं, या अंड्यांतून पिल्लं काढून दाखवीन. पहिल्यांदाच मान वर केली पोरीनं. म्हणाली, "नक्की?" म्हटलं, बाबाचा शब्द आहे.
बायको म्हणाली, माशांच्या टाकीच्या वेळीही शब्दच होता. दुर्लक्ष केलं.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
मशीन तयार! थर्मोकोलचा खोका, बल्ब, वाटीत पाणी, थर्मामीटर. विकतच्या इन्क्युबेटरला काय सोनं लागलेलं असतं? फक्त थर्मामीटरवरचे आकडे हल्ली फारच बारीक छापतात. बायको म्हणाली, स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, त्यातला एक स्वतःच्या नाकावर ठेवा. तिला धंदा कळत नाही. एवढी वर्षं लोकांना चष्मे देतोय आणि स्वतःला लागला नाही, हीच तर माझी जाहिरात. पेपर जरा लांब धरला की सगळं लख्ख दिसतं.
आकडा सासूबाईंनी वाचून दिला. गुडघ्यांच्या औषधपाण्यासाठी त्या सध्या आमच्याकडे आहेत.

४ फेब्रुवारी
अंडी दिवसातून तीन-चारदा फिरवावी लागतात. मी दुकानात असताना हे काम सासूबाईंकडे सोपवलं. तेवढाच विरंगुळा. अंडं कसं धरायचं याचं प्रात्यक्षिकही दिलं. एक जवळजवळ सटकलं. जवळजवळच.
लेक पोटभर जेवली. पिल्लांची नावं ठरवणं चालू आहे. आपण बाप म्हणून कुठेही कमी नाही.

९ फेब्रुवारी
आज तपासणी. कुठल्या अंड्यात जीव आहे ते बघायचं. पोल्ट्रीवाल्याला फोन लावला. म्हणाला, अंधारात टॉर्चवर धरा, मग उजेड आरपार... मी फोन ठेवला. उजेड आरपार! अरे, मी जन्मभर दुसरं काय केलंय? दुकानात येणारी प्रत्येक काच मी दिव्यासमोर धरतो. स्वच्छ असली की पास. रेघ, डाग, धागा दिसला की नापास, माल परत. हा माणूस मला शिकवतोय!
बाथरूमचा दिवा बंद करून, खिडकीला टॉवेल लावून काम उरकलं. बायको बाहेरून दार वाजवत होती. विज्ञानाला कुणाची घाई नसते.
निकाल: चार पास. काय सांगू! आतून नुसता संत्र्यासारखा उजेड, एक रेघ नाही. तीन नापास. त्यांच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल तंतू आणि मधोमध काळा ठिपका. एकातला तर हलला. म्हणजे सरळसरळ कीड.
नापास माल सासूबाईंकडे टाकायला दिला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, हलतंय म्हणता ना?" म्हटलं, म्हणूनच तर लवकर टाका.

११ फेब्रुवारी
सासूबाईंच्या गुडघेदुखीनं अचानक उचल खाल्ली आहे. विजेची शेकायची पिशवी दिवसभर पांघरुणात. फिरायला जाणं बंद. खाटेवर कुणाला टेकू देत नाहीत. लेक नेहमीसारखी उडी मारायला गेली तर अशा ओरडल्या की मी दाढी करताना हनुवटी कापून घेतली. म्हातारपण वाईट. मन कळवळलं. दुसरं पांघरूण नेऊन दिलं, तर म्हणाल्या, हळू घाला, हळू.

१४ फेब्रुवारी
वीज गेली! खोक्याला स्वेटर, स्वेटरवर शाल, शालीवर मी. आणि ऐन अशा वेळी सासूबाईंचा हट्ट काय, तर गरम पाण्याच्या बाटल्या द्या, गुडघे गार पडतायत. इथे चार जीव टांगणीला लागलेत, आणि माणसाला स्वतःच्या गुडघ्यांपलीकडे काही दिसत नाही. बायकोनं गुपचूप बाटल्या भरून दिल्या. आईचीच लेक ती.

१७ फेब्रुवारी
दुसरी तपासणी. चारही अंडी पहिल्या दिवशी होती तशीच स्वच्छ. याला म्हणतात दर्जा टिकवणं.
लेकीनं विचारलं, आत पिल्लू का दिसत नाही? सांगितलं, अजून पारदर्शक आहे, रंग शेवटी भरतो. सुचलं ते बरंच झालं. बहुधा खरंही असेल. तिनं ते शाळेत बाईंना सांगितलं. आता पिल्लं बघायला अख्खा वर्ग येणार आहे म्हणे. येऊ दे की! त्या दिवशी बोलायला चार वाक्यं तयार केली. चारांची नऊ झाली.

२२ फेब्रुवारी
पिल्लं आज यायला हवी होती. आली नाहीत. चांगल्या मालाला वेळ लागतो.

२३ फेब्रुवारी, सकाळ
काही नाही. लेक खोक्यासमोर बसून आहे. एकेका अंड्याला कान लावते आणि परत ठेवते. दूधही घेतलं नाही. मला म्हणाली, "बाबा, तू शब्द दिला होतास." दुकान उघडलंच नाही. बल्ब जरा जवळ ओढला. आणखी काय करणार?

२३ फेब्रुवारी, दुपार
घाईत लिहितोय, अक्षराची माफी. कुणाची मागतोय कोण जाणे.
पास झालेल्यांपैकी एक अंडं फाटकन फुटलं. आपणहून. पिल्लू नव्हतं. जे होतं त्याचं वर्णन करवत नाही. तो वास! बायको नाकाला पदर लावून गॅलरीत पळाली, लेक तिच्यामागे, मी सगळ्यांच्या पुढे. आत सासूबाई एकट्याच. त्या खाटेवरून उठेनात. नाक धरून त्यांना आणायला गेलो, तर पांघरुणातून आवाज. चिव चिव. म्हटलं, सासूबाई, तुमचा फोन वाजतोय.
त्यांनी पांघरूण उचललं. शेकायच्या पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर दोन ओली पिल्लं, आणि तिसरं अर्धं कवचात, अर्धं बाहेर.
त्या हळूच म्हणाल्या, "टाकायला हातच धजला नाही हो. पोर नावं ठरवत होती. होईल की नाही कळेना, म्हणून बोलले नाही कुणाला." तेवढ्यात लेक आत आली. तिची किंकाळी गच्चीपर्यंत गेली असेल. आजी, ही कुठून आली, कुठून आली? सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांनीच दिली होती माझ्याकडे."
लेक माझ्या गळ्यातच पडली. मी खरं सांगायला तोंड उघडलं. सासूबाईंनी असे डोळे वटारले की मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं. बायकोला सांगितलं, वासानं.

२५ फेब्रुवारी
वर्ग येऊन गेला. नऊ वाक्यांपैकी एकही बोललो नाही. लेकच बोलली: माझे बाबा नुसतं बघून सांगतात, कुठलं अंडं आजीच्या गादीत ठेवायचं आणि कुठलं खोक्यात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्यांची आयुष्यभर वाट बघितली, आणि आज कुठे बघावं कळेना.
संध्याकाळी शाळेतल्या बाई टोपलीभर अंडी घेऊन दारात. तेवढी निवडून द्या म्हणाल्या. म्हटलं, आज उजेड बरोबर नाही. टोपली ठेवून गेल्या.

२६ फेब्रुवारी
रामबाण उपाय सापडला. बायकोला म्हटलं, मला जवळचं अजिबात दिसत नाही, चष्मा लागलाय, बाईंना तसं कळव आणि टोपली परत पाठव. ती हसता हसता खालीच बसली. मग मला दुकानात नेऊन माझ्याच खुर्चीत बसवलं आणि बारीक अक्षरांचं कार्ड हातात दिलं. चष्मा खरंच लागला. नंबरही चांगला दणदणीत.
घरी आलो. लेकीनं पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं. इवलीशी चोच, टोकाला पांढरा ठिपका. इतके दिवस दिसलाच नव्हता. सवयीनं म्हणालो, डाग आहे. लेक म्हणाली, "बाबा, त्यानंच तर ते कवच फोडतं. पास ना?" म्हटलं, पास. डोळे पाणावले होते, पण चष्म्यामुळे कुणाला कळलं नाही.
मग तिनं टॉर्च आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, आता चष्मा आलाय, आता बाईंची अंडी बघ. टोपली अजून दारातच आहे.
ती उचलून आत नेली आणि सासूबाईंना विचारलं, गुडघे कसे आहेत.