हृदयाच्या उजव्या बाजूची सरासरी काढू नये, याबाबत

प्रति,
मा. तपासणी मंजुरी अधिकारी,
मुख्य रुग्णालय.

विषय: माझ्या मुलीच्या हृदयाचा एमआरआय मंजूर करणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ: आपले "सरासरी समाधानकारक" असा शेरा असलेले पत्र.

महोदय,

सविनय सादर करते की, माझी मुलगी चार वर्षांची असताना तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया आपल्याच रुग्णालयात झाली. छिद्र बुजवले, फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद केली. काम चोख झाले, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. मात्र तेव्हापासून त्या वाटेवरची झडप गळते आणि उलट येणारे रक्त सांभाळता सांभाळता हृदयाची उजवी बाजू फुगत चालली आहे. झडप वेळेवर बदलली तर ती बाजू सावरते, फार उशीर झाला तर सावरत नाही, असे हृदयाच्या डॉक्टरीणबाई सांगतात. ती वेळ आली की नाही, हे एमआरआयवरून ठरायचे आहे. घोडे तिथेच अडले आहे.

१. आजार लहानपणीचा, म्हणून आपण प्रथम आम्हांस बालविभागाकडे पाठवले. मुलगी आज सत्तावीस वर्षांची असून बंदरावर क्रेन चालवते. बालविभागाने तत्परतेने तारीख दिली व बाळाला उपाशीपोटी, आवडते खेळणे घेऊन आणावे, असे कळवले. बाळाने उपाशी राहण्याची तयारी दाखवली. खेळणे चाळीस टन उचलणारे असल्याने आणता आले नाही. तेथील सिस्टरांनी बाळाला नखशिखान्त न्याहाळले आणि परत पाठवले.

२. मोठ्यांच्या विभागाचा आक्षेप वेगळा. जुन्या दाखल्यावर "रुग्ण बरा" असे लिहिले आहे, आणि बऱ्या झालेल्या आजाराची तपासणी नियमात बसत नाही. बरे होण्यापूर्वी आम्ही आपली परवानगी घ्यायला हवी होती, हे मान्य आहे.

३. मग इको झाला. डावी बाजू स्वच्छ दिसली, तिचा जोर बासष्ट टक्के. उजवी छातीच्या हाडाआड असल्याने नीट दिसली नाही, आणि म्हणून तर एमआरआय हवा. परंतु आपल्या कार्यालयात एका हृदयाला रकाना एकच. आपल्या लिपिकांनी "न दिसल्याने दोष नाही" असे धरून उजवीलाही बासष्ट दिले, दोन्हींची बेरीज केली, दोनाने भागले आणि शेरा मारला. मी विचारायला गेले तर म्हणाले, "मावशी, डावी एवढी छान आहे, उजवीचं कशाला मनाला लावून घेता? घेईल ती सांभाळून." महोदय, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी असला, तर सरासरीने दोन्ही पायांत अर्धी अर्धी चप्पल भरते. काटा मात्र अनवाणी पायालाच लागतो.

४. मुलगी पूर्वी क्रेनची शिडी एका दमात चढायची. आता मध्ये दोनदा थांबते. मी छेडले तर म्हणते, "काही नाही गं आई, समुद्र बघत होते." ही पोर लहानपणापासून खोटे बोलताना हसते, आणि हल्ली ती फार हसते. मला भीती वाटते, साहेब. ही भीती कोणत्या रकान्यात भरावी, तेही कळवावे.

५. आपल्या पत्राच्या तळाशी अशी सूचना आहे की, सज्ञान रुग्णाच्या वतीने आईचा अर्ज ग्राह्य नाही, रुग्णाने आपल्या दालनात जातीने हजर राहावे. त्यानुसार आज आम्ही दोघी आलो. दालन चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी. शिपायाला विनवले, तर तो म्हणाला, "तरणीताठी पोर आहे, चढेल की!" ती चढली, दुसऱ्या मजल्यापर्यंत. तिथे दम लागून पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "तू हो पुढे, मी आलेच." हसत म्हणाली. हा परिच्छेद आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर घाईने लिहिला आहे, अक्षराबद्दल क्षमस्व.

सबब विनंती की, मंजुरीचा शिक्का व पेन घेऊन आपण दोन मजले खाली यावे. येताना आपण लिफ्ट वापरल्यास आमची हरकत नाही.

आपल्या दाराशी उभी, अजून तरी नम्र,
रुग्णाची आई

दिनांक: आजचा. उद्याचा चालणार नाही.

सोबत:
१. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२. इकोचा अहवाल.
३. मुलगी, मूळ प्रत. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर.