आई मधल्या खोलीत आहे

३ नोव्हेंबर
आजपासून चिडायचं नाही. ठरलं.
गेल्या महिन्यात आई न्हाणीत पडली, कितीतरी वेळ कोणाला पत्ता नाही, आणि खापर माझ्यावर. डोंगरकडा गावातलं माझं मोबाईलचं दुकान काय आपोआप चालतं? बहीण शितल शिरड शहापूरहून फोनवर रडली. दादा, आईकडं लक्ष दे म्हणे. सासरी बसून बोलायला काय जातं! आता असं लक्ष देतो की बघतच राहील. स्वस्तातला उपाय सापडलाय. प्रत्येक खोलीत एक डबी, आईच्या गळ्यात बटणाएवढं यंत्र. ती कुठल्या खोलीत आहे ते दुकानात बसून मोबाईलवर दिसणार.

५ नोव्हेंबर
डब्या बसवल्या. बायकोनं, आशानं, स्वयंपाकघरातली उपटून तिथं मिक्सर लावला. भांडलो. या बाईला टेक्नॉलॉजीचं वावडंच आहे.
आईची वेगळीच तकलीफ. म्हणे गळ्यात टोचतं, मी काय बैल हाय का. तिला म्हटलं, तुझ्यासाठीच करून राहिलो. तर म्हणाली, मग घडीभर बस माझ्यापाशी. बसायला वेळ कुठाय? अ‍ॅप सेट करायचं होतं.

८ नोव्हेंबर
लाईट गेली, डब्या मेल्या. अ‍ॅपवर आई 'घरात नाही'. दुकान उघडं टाकून पळत आलो. आई ओसरीवर शेंगा फोडत बसलेली! ओरडलो. कंपनीला फोन लावला तर तिथली बाई हिंदीत म्हणते, रिस्टार्ट करके देखिए. सगळे नालायक.
(चिडायचं नाही हे उद्यापासून.)

११ नोव्हेंबर, सकाळी
जमलं! कालपासून आई मधल्या खोलीत, एकदम स्थिर. डॉक्टरांनी आरामच सांगितला होता. रात्री खोलीत डोकावायचीही गरज पडली नाही. आशा दोनदा काहीतरी सांगायला आली. हातानंच गप्प केलं, मोबाईल बघत होतो. दुकानात शेजारच्या माणिकरावांनी विचारलं, माय कशी हाय? मी स्क्रीनच दाखवला.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
शितलचा फोन. तिनं तोंड उघडायच्या आत ठणकावलं, आई मधल्या खोलीत आहे, तू मला शिकवू नको.
ती म्हणाली, आई कालपासून माझ्याकडं आहे. तुझे दाजी जीप घेऊन गेले होते, वहिनीला सांगून आईला घेऊन आले.
मधल्या खोलीत जाऊन आईची उशी उचलली. खाली यंत्र.
डोकंच फिरलं. माझ्या घरातून माझी आई नेतात, आणि मला सांगत नाहीत! आईलाच फोनवर बोलावलं. न सांगता काहून गेलीस म्हणून विचारलं.
आई म्हणाली, "सांगितलं की रे. तू माह्या बाजेवरच बसला व्हतास, मोबाईलात पाहून राहिला व्हतास. मी म्हणलं, शितलकडं जाऊन येते. तू म्हणलास, व्हय व्हय, आराम कर."
मग तिनंच विचारलं, जेवलास का.
हो म्हणालो. जेवलो नव्हतो.
परत कधी येणार, ते विचारायचं राहूनच गेलं.