लाल शाईतला शेरा

खारघर, १० जुलै २०२५

आदरणीय आबांस,
शुभदाचा सविनय जय भीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला रडू आवरत नाही, म्हणून पत्र. तुमच्या नातीच्या, मित्राच्या वहीवर शाळेने पुन्हा लाल शाईत शेरा मारलाय, आळशी. नववीतली पोर. तोंडी विचारा, इतिहासाचा अख्खा धडा सांगते. कागदावर मात्र अक्षरं उलटीसुलटी होतात. ओळखीच्या एका समुपदेशक बाईंनी सांगितलं, की शाळेच्या पत्रावर सरकारी रुग्णालयात तपासणी होते, मग दहावीला जास्त वेळ आणि लेखनिक मिळतो. मी पत्र मागितलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, की अशा मुलांमुळे आमचा शंभर टक्के निकाल बिघडतो, दाखला घेऊन जा. पोर म्हणजे काय पेटीतला नासका आंबा आहे, उचलून बाहेर टाकायला?

तब्येत जपा, आणि माया आहे तशीच राहू द्या.
तुमची शुभदा

माणगाव, १६ जुलै

चि. शुभदास,
आबांचे आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं मास्तरकी केली, माझ्या वर्गातलं एकही मूल वाया गेलं नाही. पोरांना हाकलून निकाल लावायचा, ही कसली शाळा? तिथे रडायचं नाही. दोन प्रतींत लेखी अर्ज दे, एकीवर पोच म्हणून शिक्का घे. शिक्का मागितला की भलेभले वठणीवर येतात.

सौरभला म्हणावं, रबाळ्याहून चार ओळींची चिठ्ठी तरी टाक. तुझ्या दादाचा लिहायचा कंटाळा काही जात नाही.

मित्राला गोड पापा.
आबा

खारघर, २ सप्टेंबर

आदरणीय आबांस,
सविनय जय भीम.

शिक्का मिळाला, आठव्या दिवशी पत्रही. तपासणी झाली. मित्राला सवलती मिळतील. अहवालाचं मराठी करून सोबत जोडते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, की घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. मला दादा आठवला. कारखान्यात नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगतो, पण बँकेचा फॉर्म अजून माझ्याकडून भरून घेतो. चिठ्ठी लिहीत नाही तो कंटाळ्याने नव्हे. मास्तरांनी पोटच्या पोराला सांभाळून घेतलं असं गावाने म्हणू नये, म्हणून तुम्ही भर वर्गात त्याला दुप्पट छड्या मारायचात. आठवीत त्याने शाळा सोडली. आबा, मला त्या मुख्याध्यापिकेइतकाच तुमचाही राग आलाय.

रागावलेली, तरी तुमचीच,
शुभदा

माणगाव, १५ सप्टेंबर

चि. शुभदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशाशी होतं. काल एसटीने रबाळ्याला जाऊन आलो. सौरभला सांगितलं, की तू आळशी नव्हतास, चूक माझी होती. त्याने चहा ठेवला.

मग मी मित्राचा अहवाल वाचून दाखवला. बुद्धी सर्वसाधारण मुलांपेक्षा अधिक आहे, ही ओळ त्याने पुन्हा वाचायला सांगितली. वाचली. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा मी म्हटलं, की अरे, हे मित्राबद्दल लिहिलंय.

तो म्हणाला, की ठाऊक आहे, तरी वाचा.

जमलं तर लोभ ठेव.
आबा